शिकाऊ वाद्य विकताना सेटिंग करूनच द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात विक्रोळीची माझी ताई खांद्याला बेस गिटार अडकवून आमच्याकडे काळाचौकीला आली. दारातूनच म्हणाली, "तुझ्या ओळखीत कुणाला तरी हे विकून टाक बाबा. साडेचौदा हजार पाण्यात गेले." तिच्या मागे अकरावीतली भाची मान खाली घालून उभी. बेसवादक मोहिनी डेचे व्हिडिओ बघून बेसचं वेड घेतलेली ही पोर चार महिन्यांत कोमेजली होती. मी तिचा डावा हात हातात घेतला. पहिल्या दोन बोटांच्या टोकांना चिरा पडून त्यांवर खपली धरली होती. "मामा, माझाच हात लहान आहे. मला नाही जमणार," ती म्हणाली.

त्या वाक्यासाठी हे पत्र लिहितो आहे. दोष तिच्या हाताचा नव्हता.

मी माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात फिटर आहे. बेस गिटार वयाच्या ४१व्या वर्षी हातात घेतली, आता ९ वर्षं झाली. त्या संध्याकाळी मी चहा होईपर्यंत माझा फीलर गेज काढला. वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पात्यांचा हा जुडगा असतो, दोन भागांमधली फट किती आहे ते त्याने मोजतात. फ्रेट म्हणजे गिटारीच्या मानेवर, म्हणजे लांब दांड्यावर, आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. भाचीला जाडी तार पहिल्या फ्रेटवर दाबून धरायला सांगितली, मी तीच तार जिथे वाद्याची मान अंगाला मिळते तिथे दाबली आणि मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, पातं सरकवलं. तिथे साधारण ०.३ मिलिमीटर फट पुरते. १ मिलिमीटरचं पातं, म्हणजे जुडग्यातलं सगळ्यात जाड, अडखळल्याशिवाय आत गेलं. मान धनुष्यासारखी वाकली होती. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची भरली साडेचार मिलिमीटर. ती दोन-अडीच असावी. वर खुंट्यांजवळ तारा ज्या खाचांतून जातात त्या खाचाही उथळ ठेवलेल्या, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर तार दाबायची म्हणजे पोरीला अंगठ्याचा जोर लावावा लागायचा. अशा गिटारीवर मीसुद्धा दहा मिनिटांत हात झटकले असते.

यात लाकडाचा गुन्हा नाही. बेसच्या चार तारांचा मिळून ओढा ७० किलोच्या पुढे असतो. तो सोसायला मानेच्या आत एक लोखंडी सळई घातलेली असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. कारखान्यातून निघालेलं वाद्य कंटेनरमधून, गोदामातून फिरत मुंबईच्या दमट हवेत येतं. लाकूड हलतं, मान वाकते, मग सळईचा नट थोडा फिरवून ती पुन्हा सरळ करायची. हे काम विकण्याआधी कुणीतरी करायचं असतं. भाचीच्या गिटारीला ते कुणीही केलं नव्हतं. खोक्याला कंपनीची पट्टी होती तशीच होती, ती घरी आल्यावर फुटली. दुसऱ्या महिन्यात ताई तक्रार घेऊन गेली तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाने सांगितलं की शिकाऊ मॉडेल असंच असतं, चाळीस हजारांचं घ्या म्हणजे बोटं दुखणार नाहीत. दुकानाचं नाव लिहीत नाही. आमच्या भागातल्या आणखी तीन मुलांच्या गिटारी मी पाहिल्या. तिघांनी वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतलेल्या, आणि तिन्हींची मान अशीच.

मी काय केलं ते सांगतो, म्हणजे काम केवढं आहे ते कळेल. तारा सैल केल्या, अ‍ॅलन चावीने नट पाव फेरा आवळला, तारा पुन्हा सुरात आणल्या आणि गिटार रात्रभर ठेवून दिली. लाकडाला सावरायला वेळ द्यावा लागतो, एका बैठकीत आवळत सुटलं की नट मोडतो. दुसऱ्या दिवशी अजून थोडं. मग खालच्या ब्रिजवरचे चार सॅडल, म्हणजे तारा ज्यांवर टेकतात ते तुकडे, थोडे खाली घेतले, वरच्या खाचा बारीक कानशीने हलकेच खोल केल्या. शेवटी बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर एकमेकांशी जुळेपर्यंत सॅडल मागे-पुढे सरकवले. दोन संध्याकाळी गेल्या, पैसा एकही नाही. तारेची उंची अडीच मिलिमीटर. भाचीने पहिला फ्रेट दाबला आणि माझ्याकडे बघत राहिली.

स्वस्त गिटार चांगली वाजू शकते याचं कारण तिच्या घडणीतच आहे. आज आपण बघतो तशी बेस गिटार लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी बाजारात आणली. हा माणूस रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांनी मान चार स्क्रूंनी अंगाला जोडली, तारांचा कंप टिपणारा एक पिकअप लावला, आवाजाचं एक बटण आणि टोनचं एक. एवढंच. फिटर म्हणून मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो: सगळं उघडता येतं, सगळं नीट करता येतं. इतक्या साध्या वस्तूची नक्कल करायला अवघड काय आहे? यामाहा, आयबानेझ, कोर्ट, स्क्वायर यांच्या सुरुवातीच्या बेसवर शिकणाऱ्याची पाच-सात वर्षं सहज निघतात. माझी स्वतःची चार तारांची यामाहा सेकंडहँड आहे, वसईच्या एका मुलाकडून ८,००० रुपयांना घेतलेली. परदेशी जायच्या गडबडीत होता तो.

सेकंडहँड घेताना सुतार फळी बघतो तसं खुंट्यांच्या बाजूने डोळा लावून मानेवरून नजर टाका. वाक दुरुस्त होतो, पीळ सहसा होत नाही. पिळलेली मान असेल तर निघून या. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघा, मालक कंटाळला तरी. बटणं फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, ती साफ होते. ट्रस रॉडचा नट आधीच कुणी झिजवलेला नाही ना, हे मात्र टॉर्च मारून बघाच. पहिल्या वाद्याला पाचवी तार नको. बॅटरीवर चालणारी अ‍ॅक्टिव्ह बेस घेतलीत तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा, नाहीतर ९ व्होल्टची बॅटरी गुपचूप संपते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ३४ इंच लांबीच्या तारांऐवजी ३० इंचांची शॉर्ट स्केल बघा. अकरावीतल्या मुलीला त्याची गरज नाही. माझ्या भाचीचे हात लहान नाहीतच.

राहिलेल्या पैशांतून हेडफोन लावायचा छोटा अँप, म्हणजे आवाज वाढवणारा डबा, घ्या. मुंबईत बेसचा रियाज म्हणजे शेजाऱ्यांचाही प्रश्न असतो. सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते आणि तिच्या आवाजाची लाट सव्वाआठ मीटर लांबीची होते. आमची खोली दहा बाय बाराची, त्या लाटेच्या निम्मीसुद्धा नाही. असा आवाज भिंत ओलांडून पलीकडच्या भांड्यांत शिरतो. काहीजण म्हणून काही न जोडता कोरडंच वाजवतात. तेही करू नका, ऐकू येत नाही म्हणून हात तारेवर जोर काढायला लागतो आणि ती खोड मोडायला वर्ष जातं.

रियाज मी कामावरून आल्यावर चाळीस मिनिटं करतो. पहिले तीन महिने मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करत ठेका देणारं यंत्र, मिनिटाला साठ ठोक्यांवर लावून फक्त मोकळ्या तारा वाजवल्या, तर्जनी-मध्यमा, तर्जनी-मध्यमा, एक बोट सलग दोनदा आलं की पुन्हा सुरुवातीपासून. बायको म्हणायची, घड्याळ दुरुस्त करतोयस का? तार छेडता कुणालाही येते, ती नेमक्या क्षणी गप्प करायला मला वर्ष लागलं. खुंट्यांजवळच्या फ्रेटवर चारही बोटं चार घरांत ताणू नका, तर्जनी, मध्यमा आणि करंगळी एवढ्यांत तीन घरं सांभाळा आणि हात सरकवा, मनगट वाचतं. मोबाइलवरच्या सूर जुळवायच्या ट्यूनरला जाडी तार पकडता आली नाही, तर तिचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक वाजवा, लगेच पकडतो. तारा महाग असतात; वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसा. मळून आवाज बसला तर काढून पाण्यात उकळा आणि पूर्ण कोरड्या करून परत चढवा, अजून काही आठवडे निघतात. आमच्याकडे त्यासाठी वेगळं पातेलं आहे.

पालकांसाठी एक गोष्ट आवर्जून लिहितो. ताईची खरी कुरकुर पैशांची नव्हती. ती म्हणाली, "चार महिने झाले, मला तर काही ऐकूच येत नाही." मी म्हटलं, आबांच्या भजनात पखवाजाचा धुमा आठव. चाटीचे बोल सगळ्यांना कळतात, पण धुमा थांबला की भजन पोकळ होतं. बेस म्हणजे तो धुमा. आणि मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो बाहेरच येत नाही, आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे, त्यांचं अर्धं काम आपण मोबाइलवर ऐकताना हरवतो. मग मी ताईच्या कानांवर हेडफोन चढवले आणि भाचीला वाजवायला लावलं. दोनच सूर होते, सा आणि प, मेट्रोनोमवर. ताई सोफ्याच्या कडेला बसली होती ती मागे टेकली. पाच मिनिटांनी मी हेडफोन काढायला गेलो तर तिने माझा हात बाजूला केला.

म्हणून वाद्यांच्या दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. शिकाऊ वाद्याचं खोकं गिऱ्हाइकासमोर उघडा, मान, तारांची उंची आणि सूर तपासून द्या आणि बिलावर 'सेटिंग करून दिले' असं लिहा. त्याचे पाचशे-सातशे रुपये वेगळे लावलेत तरी पालक देतील. पावसाळा सरल्यावर एकदा तपासणीसाठी परत बोलवा, कारण त्या चार महिन्यांत मान पुन्हा हलते. आणि पालकांनो, बिलावर तो शेरा नसेल तर तिथेच उभं राहून मागा. जाणकार माणूस बरोबर नसेल तर एवढं तरी करा: पहिल्या फ्रेटवर जाडी तार स्वतःच्या बोटाने दाबून बघा. तुम्हाला दुखलं तर मुलाला दुखणारच.

भाचीची गिटार विकलेली नाही. आता दर रविवारी सकाळी ती विक्रोळीहून लोकलने येते, चिंचपोकळीला उतरते आणि जिना चढताना हाक मारते. बोटांवरच्या खपल्या गेल्या, घट्टे धरू लागले आहेत. आमच्या भागातल्या ज्या मुलांच्या गिटारी अशाच पडून असतील, त्यांनीही रविवारी सकाळी यावं. फीलर गेज टेबलावरच असतो.

आपला,
रेल्वे कारखान्यातला एक फिटर,
काळाचौकी, मुंबई – ३३