आठ दिवसांची दारूबंदी पुरेशी नाही

सांगली,
१२ जानेवारी २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा रात्री फोनवर तू विचारलेस की, मूल व्हावे म्हणून चाललेल्या तपासणीसाठी आठ दिवस दारू बंद ठेवून वीर्याचा नमुना दिला, तर रिपोर्ट चांगला येईल का. घरात पाहुणे असल्यामुळे मी ‘नंतर बोलू’ म्हणून फोन ठेवला, पण तो प्रश्न मनातून जाईना. गेली १८ वर्षे मी लॅबमध्ये हेच नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आहे आणि माझ्या इतक्या जवळच्या मित्राला ही साधी गोष्ट कधी सांगितली नाही, याचे मला वाईट वाटले. म्हणून हे सविस्तर पत्र.

नमुना देण्यापूर्वी २ ते ७ दिवस थांबायला सांगतात, ते शरीरसंबंध आणि हस्तमैथुन यांच्या बाबतीत. दारूचा त्या दिवसांशी काही संबंध नाही. वृषणात एक शुक्रजंतू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि त्यानंतर नलिकेतून पुढे सरकत पक्व व्हायला आणखी दीड-दोन आठवडे जातात. म्हणजे तू या आठवड्यात जो नमुना देशील, त्यातल्या शुक्रजंतूंची घडण दिवाळीच्या आसपास सुरू झालेली असणार, आणि दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मंडळी गोव्यात चार दिवस काय करत होतात हे तूच मला हौसेने सांगितले होतेस. आज दारू सोडलीस तर त्याचा खरा परिणाम रिपोर्टात दिसायला एप्रिलचा मध्य उजाडेल.

‘मी काही रोज पीत नाही, फक्त शनिवार-रविवार,’ असे तू म्हणतोस. आपण पेले मोजतो, पण शरीराला पोहोचते ते अल्कोहोल; म्हणून हिशोब ग्रॅममध्ये करून बघ. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेगांइतके. शनिवारी अशा दोन बाटल्या आणि रविवारी व्हिस्कीची एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर, धरली, तर आठवड्याचे १४० ग्रॅमच्या वर जातात. डेन्मार्कमध्ये लष्करी तपासणीसाठी आलेल्या १,२२१ तरुणांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिथे १२ ग्रॅमचे एक माप धरतात. आठवड्याला पाचपेक्षा जास्त मापे घेणाऱ्यांपासूनच वीर्याची प्रत किंचित उतरू लागलेली दिसली आणि पंचवीसच्या पुढे ती ठळकपणे घसरलेली आढळली. तुझी मापे साधारण बारा होतात. दारूमुळेच हे घडले असे अशा एका पाहणीवरून सिद्ध होत नाही, हेही मी तुला सांगितले पाहिजे. परंतु ज्याला मूल हवे आहे, त्याने त्या सिद्धतेची वाट पाहत बसावे असे मला वाटत नाही.

दारू काम करते ती दोन्ही टोकांना. वृषणातल्या ज्या पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात त्यांना ती थेट इजा करते, आणि मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीकडून त्या पेशींना जो हुकूम जायचा तोही मंदावतो. वर्षानुवर्षे खूप पिणाऱ्यांचे यकृत बिघडले की शरीरात स्त्री-संप्रेरकाचे प्रमाण वाढते, वृषणे आकसतात, इच्छा आणि ताठरता दोन्ही कमी होतात. तू त्या अवस्थेला पोहोचलेला नाहीस. तुझ्या बाबतीत प्रश्न शुक्रजंतूंची संख्या, हालचाल आणि आकार यांचा आहे, आणि यांपैकी बरेचसे दारू थांबवल्यावर सुधारू शकते; नमुन्यांत तशी सुधारणा झालेली मी पाहिली आहे.

आता मला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट लिहितो. लॅबच्या खिडकीशी जोडपी येतात तेव्हा बाईच्या हातात जाडजूड फाइल असते: थायरॉइड, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, आणि कितीतरी इंजेक्शनांच्या नोंदी. नवऱ्याचा कागद एकच असतो आणि तोही सगळ्यांत शेवटी आलेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील सुमारे १४ टक्के पुरुष दारू पितात आणि बायकांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. असे असूनही उपास, नवस आणि दुर्बिणीची तपासणी बायकांच्याच वाट्याला येते. वहिनींची दुर्बिणीची तारीख ठरली आहे आणि तुझा नमुना अजून कुणी पाहिलेलाही नाही, हे ऐकून मला फार वाईट वाटले.

वहिनी ऑफिसच्या समारंभात कधीतरी वाइन घेतात, असे तू म्हणाला होतास. स्त्रियांच्या थोड्या पिण्याने दिवस राहायला उशीर होतो का, याबद्दल डेन्मार्कमधल्याच दोन अभ्यासांचे एकमत नाही: १९९८ च्या अभ्यासात आठवड्याला पाच किंवा त्याहून कमी पेल्यांनीही शक्यता घटलेली दिसली, तर २०१६ च्या अभ्यासात चौदाच्या खाली फारसा फरक आढळला नाही. परंतु पाळी चुकून गर्भ राहिल्याचे कळेपर्यंत बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची घडण सुरू झालेली असते. त्यामुळे प्रयत्न चालू असेपर्यंत त्यांनीही ती घेऊ नये, आणि फॉलिक ॲसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आत्तापासूनच चालू ठेवावी.

तेव्हा आठ दिवस थांबून रिपोर्ट सजवण्याचा विचार सोड. नमुना याच आठवड्यात दे, आणि डॉक्टरांना शनिवार-रविवारचा हिशोब, तुझ्या तंबाखूच्या माव्यासकट, जसाच्या तसा सांग. दारूव्यतिरिक्त वृषणाच्या फुगलेल्या शिरांसारखे एखादे कारण निघाले, तर त्यावर उपचार सुरू करायला विनाकारण उशीर नको. दारू आजपासून बंद कर आणि गुढीपाडव्यानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा नमुना दे. रिपोर्ट नक्की सुधारेल असे वचन मी देऊ शकत नाही. एक मात्र लक्षात ठेव: सोडल्यावर हात थरथरले, खूप घाम सुटला किंवा झोप पूर्ण उडाली, तर एकट्याने सहन करू नकोस, ताबडतोब डॉक्टरांकडे जा, अशा वेळी फिट येण्याचाही धोका असतो. सोडणे जड गेले, तर तुझ्या पुण्यातच १९८६ पासून चालणारे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथे जाण्यात कसलाही कमीपणा मानू नकोस.

दुर्बिणीची तारीख तुझा रिपोर्ट हाती येईपर्यंत पुढे ढकलता येईल का, हे डॉक्टरांना उद्याच विचार. मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतो. शनिवारी सकाळी लॅबमध्ये मी तुझ्याबरोबर येईन, आणि संध्याकाळी नेहमीसारखे बाहेर न बसता घरीच जेवू. वहिनींना तेवढे सांगून ठेव.

तुझाच,
मिरजेच्या वसतिगृहातला जुना सोबती