रुग्णांच्या संस्थेत रुग्णांनाच मत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

८ मेच्या जागतिक थॅलेसेमिया दिनी आमच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने केलेल्या कार्यक्रमाची बातमी आपल्या अंकात वाचली. व्यासपीठावर पाहुणे, हातात कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीचा भलामोठा पुठ्ठ्याचा धनादेश आणि पुढ्यात टोप्या घालून बसवलेली मुले. त्यातली एक माझी. संस्थेचे कौतुक व्हायला माझी ना नाही. रक्ताच्या या आनुवंशिक आजारामुळे दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागणाऱ्या मुलांसाठी डे-केअर, म्हणजे रक्त चढवून त्याच दिवशी घरी सोडणारे केंद्र, चालवायचे, ऐन सुट्टीत निगेटिव्ह गटाची पिशवी मिळवून द्यायची, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. पण फोटोत न येणारी बाजूही छापून यावी म्हणून हे पत्र.

सारखे रक्त चढवले की अंगात लोह साठते. ते बाहेर काढायला डेफेरासिरॉक्सच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात आणि डोस वजनावर ठरतो. पोर वाढले की गोळ्याही वाढतात. सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत मिळते, गोळ्यांचा मात्र भरवसा नसतो, म्हणून आम्ही सगळे संस्थेच्या दारात. संस्था या गोळ्या देणगीच्या पैशातून विकत घेते, त्या खजिनदारांच्या मेहुण्यांच्या मेडिकलमधून. भाव काय, आणखी कोणाचे कोटेशन घेतले का, हे आम्हाला कधीच कळलेले नाही.

गेल्या वर्षी एका आईने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारले, सीएसआरमधून ल्युकोसाइट फिल्टर (चढवायच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी गाळणारे) आलेत ना, मग आमच्याकडून दर खेपेला फिल्टरचे पैसे का घेता, आणि पावती का देत नाही? अध्यक्षांचे उत्तर आले, ‘ताई, इथे सेवा चालते. विश्वास नसेल तर दुसरीकडे बघा.’ रात्रीपर्यंत ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सोय झाली. पुढच्या महिन्यात त्या बाईंना ‘स्टॉक नाही’ म्हणून निम्म्याच गोळ्या मिळाल्या. योगायोग असेलही. पण तेव्हापासून डे-केअरमध्ये पावतीचे नाव कोणी काढत नाही आणि मीही या पत्राखाली नाव घातलेले नाही.

कोणी पैसे खाल्ले असे मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्याजवळ नाही, आणि तो तपासायची वाटही आम्हाला ठेवलेली नाही. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली आहे आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालीही. अशा संस्थेत कायदा हितसंबंधी धरतो तो सभासदाला. विश्वस्तांविरुद्ध धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ड खाली दाद मागायची, तर आधी सभासद असायला हवे. आमची नावे लाभार्थ्यांच्या रजिस्टरात आहेत. सभासदत्वाचा अर्ज मागितला की ‘नोंदणी सध्या बंद आहे’ हे ठरलेले उत्तर. सभासद आहेत ते संस्थापकांचे नातेवाईक आणि स्नेही. तेच सभा भरवतात, तेच हात वर करतात आणि तीच मंडळी पुन्हा निवडून येतात.

हिशेब तपासले जातात का? जातात की! ३१ मार्चला खाती बंद केल्यावर सहा महिन्यांत सीएकडून तपासणी व्हावी लागते, आणि ती होते. अहवालात तपासनिसाला ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. पाच हजारांवरच्या दुरुस्ती-बांधकामासाठी निविदा मागवल्या का? कोणी विश्वस्त संस्थेचा धनको किंवा ऋणको आहे का? म्हणजे गळके छत दुरुस्त करायचे तर निविदा निघाली की नाही हे विचारणार, लाखोंच्या गोळ्या घेतल्या तर त्याबद्दल तोच प्रश्न नाही. मेहुणे विश्वस्त नाहीत, त्यामुळे तो रकानाही ‘नाही’ लिहून मोकळा. अहवाल अगदी स्वच्छ, आणि कायद्याच्या अक्षराला धरून.

धर्मादाय कार्यालयाने रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या अहवालात औषधखरेदीचा आणि विश्वस्तांच्या नातेवाइकांशी झालेल्या व्यवहारांचा रकाना वाढवावा. नियम बदलायला वेळ लागेल हे मान्य. देणगीदार कंपन्यांना मात्र कोणाची वाट पाहायची गरज नाही. पुढचा हप्ता देण्याआधी त्यांनी फोटोंऐवजी खरेदीची बिले आणि सभासदांची यादी मागावी, आणि कार्यकारिणीवर निदान दोन पालक निवडून आलेले असावेत अशी लेखी अट घालावी. निवडून आलेले म्हणते आहे. अध्यक्षांनी नेमलेले दोन पालक आत्ताही आहेत, ते सभेत चहा वाटतात.

आपली,
थॅलेसेमियाग्रस्त मुलीची आई
(नाव व पत्ता संपादकांकडे)