रॉबी कीनला नुसता ‘भटक्या’ म्हणू नका

संपादक महोदय,

फुटबॉलचा विषय निघाला की आयर्लंडच्या रॉबी कीनची आठवण निघते आणि लगेच कोणीतरी म्हणतं, अरे तो तर सारखे क्लब बदलायचा. बदलायचा, मान्य. वुल्व्हज, कॉव्हेंट्री, इंटर मिलान, लीड्स, टॉटनहॅम, मग २००८ मध्ये लिव्हरपूल, आणि सहा महिन्यांत परत टॉटनहॅम! पण देशाच्या जर्सीत हा माणूस कुठे हलला सांगा? १४६ मॅच, ६८ गोल, आयर्लंडसाठी एवढे गोल दुसऱ्या कोणाचेच नाहीत.

२००२ च्या वर्ल्डकपमधली जर्मनीविरुद्धची मॅच मी टीव्हीवर बघितली होती, आयर्लंड एक गोलने मागे, नव्वद मिनिटं होऊन गेलेली, घरचे म्हणतायत बंद कर आता, आणि आयर्लंडच्याच फिननचा लांब बॉल आला, त्याच संघातल्या उंच क्विनने डोक्याने खाली दिला, कीन धावत आत घुसला आणि समोर जर्मनीचा गोलकीपर ऑलिव्हर कान असताना मारलाच, बॉल कानला लागून, पोस्टला लागून आत. मग गोलच्या आनंदात त्याची ती कोलांटउडी! फायनलपर्यंत जर्मनीने खाल्लेला तो एकच गोल होता.

पुढे अमेरिकेत एलए गॅलेक्सी क्लबकडून तीनदा एमएलएस कप, म्हणजे तिथल्या लीगचं विजेतेपद, जिंकला, शेवटी आपल्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) कोलकात्याच्या एटीके संघाकडूनही खेळला. तेव्हा वय ३७, पाय थोडे जड झालेले, पण बॉल कुठे पडणार हे त्याला आधीच कळायचं.

– एक वाचक, पुणे