'एंडलेस' म्हटलं की सगळे एकाच माळेचे मणी?

संपादक महोदय,
नमस्कार. मागच्या रविवारच्या पुरवणीत मुलं आणि मोबाईल गेमवर जो लेख आलाय तो वाचला, बराचसा पटला पण, फक्त "एंडलेस गेम म्हणजे पोरांना अडकवायचा सापळा" असं एका फटक्यात लिहून टाकलंय तिथे मी अडलो. कारण आमच्या घरात असा एंडलेस, म्हणजे चूक होईपर्यंत चालूच राहणारा गेम दहा-बारा वर्षं आहे आणि त्याने अजून कुणाचा अभ्यास बुडवला नाहीये.

रिदम हेवन फीवर, तालावर बटण दाबायच्या छोट्या-छोट्या गेमांचा संच, निन्टेंडोच्या वी (Wii) या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावरचा. जपानात २०११ ला आला, अमेरिकेत २०१२ ला, आमच्याकडे मामेभावाच्या बॅगेतून आला. ही सगळी मालिका त्सुंकू नावाच्या जपानी संगीतकाराच्या डोक्यातून निघाली, पहिला भाग २००६ चा, गेमबॉय अॅडव्हान्स या हातात धरायच्या गेम-यंत्रावरचा, तो फक्त जपानातच विकला गेला. फीवर खेळायला बटणं दोनच, ए आणि बी, बाकी सगळं कानावर. एखादा गेम नुसता पास होऊन भागत नाही, 'सुपर्ब' शेरा मिळाला तरच मेडल, आणि मेडलं साठली की मग हे एंडलेस गेम उघडतात. म्हणजे आधी हात बसवा मग खेळा, पैसे भरून काही उघडत नाही. आणि एखाद्या गेममध्ये तीनदा आपटलात तर गेममधल्याच कॅफेतला कॉफीवाला स्वतःच म्हणतो, जाऊदे, पुढच्या गेमला जा. मोबाईलवर असं म्हणणारा कुणी भेटलाय का तुम्हाला?

आता त्यातला मिस्टर अपबीट घ्या. मेट्रोनोमसारखा काटा डावी-उजवीकडे हलतोय आणि तो माणूस त्याच्यावरून पाय उचलतोय, बास, एवढंच. पण पाय उचलायचा मात्रेवर नाही, दोन मात्रांच्या बरोब्बर मधे, आणि लय हळूहळू वाढत जाते. एक चुकलात की खेळ खल्लास, स्कोर दिसतो, परत पहिल्यापासून. मी तबल्याच्या तीन परीक्षा दिल्यात तरी पहिल्या दिवशी वीसच्या पुढे गेलो नव्हतो, कारण आपल्याला सवय समेवर मान टाकायची आणि हा गेम म्हणतो तिथेच गप्प बस!! माझी पुतणी, जी तबल्याच्या वाटेलाही गेली नाही, ती शंभरच्या वर गेली. तिला विचारलं कसं, तर म्हणे काका तू काट्याकडे बघतोस, मी डोळे मिटून खेळते.

म्हणजे एंडलेस नावालाच, एक डाव मिनिट-दोन मिनिटांत आटोपतो. जाहिरात नाही, "उद्या परत या, बक्षीस न्या" नाही, कुठल्या अनोळखी पोराने दहा हजार केले ते दाखवून डिवचणं नाही. स्कोर त्या वीच्या पोटात राहतो आणि आमच्या फ्रीजवरच्या कागदावर. त्या कागदावरून भांडणं झालीत हे कबूल, विशेषतः जुना डबा टीव्ही जाऊन नवा एलसीडी आला तेव्हा, कारण नव्या टीव्हीत चित्र आणि आवाज दोन्ही किंचित उशिरा पोचतात, कानाला ऐकून दाबलं तरी गेमच्या हिशोबाने उशीरच, आणि सगळ्यांचे स्कोर धाडकन खाली आले. शेवटी टीव्हीच्या सेटिंगमधे हा उशीर कमी करणारा गेम मोड सापडला तेव्हा घरात शांतता झाली. तरी पुतणी म्हणते जुन्या टीव्हीवरचे स्कोर वेगळ्या रकान्यात लिहा. लिहितोय.

तर विनंती एवढीच, पुढच्या लेखात एंडलेस शब्द वापरायच्या आधी तो गेम हरल्यावर काय करतो ते बघा, परत खेळायला पैसे मागतो की नुसता स्कोर दाखवून गप्प बसतो. आणि लेखकाला एकदा मिस्टर अपबीट खेळायला लावा, तीस झाले तर पुढचं पत्र मी माफीचं लिहीन.

— एक वाचक, डोंबिवली