दार बसवण्याचा सरसकट एकच भाव नको : अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
गृहनिर्माण सोसायटी, देवपूर, धुळे

विषय : घरातली दारं बसवण्याच्या मजुरीबद्दल लावलेली नोटीस

मा. आप्पासाहेब, स. न. वि. वि.

सोमवारी जिन्याखालच्या बोर्डावरची नोटीस वाचली. घरातलं कुठलंही दार बसवायची मजुरी ६५० रुपये, काम समितीने ठरवलेल्या सुताराकडूनच करून घ्यायचं, आणि बाहेरच्या सुताराला वॉचमन आत सोडणार नाही. नोटीस एवढीच. पोरांनी ती व्हॉट्सॲपवर टाकल्यावर ग्रुपवर जे काही झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. मला तिथे लिहायचं नव्हतं, म्हणून हे पत्र.

आधी हे सांगते की समितीने या कामात लक्ष घातलं ते बरंच केलं. आपली २४ घरं, घरटी आतली पाच दारं, म्हणजे १२० दारं. सगळी बिल्डरने एकाच वेळी बसवलेली, त्यामुळे मोडायलाही एकाच वेळी आली. माझ्याकडच्या बाथरूमच्या दाराला आतून खाली पत्रा ठोकलेला होता, तो काढला तर मागे प्लायचा नुसता भुसा. अशा वेळी सुतार काय मागेल ते द्यावं लागतं, आणि घरात एकटी बाई दिसली की भाव लगेच शे-दोनशेने चढतो. तेव्हा कोणीतरी चौकशी करून आकडा सांगावा, हे मला मान्य आहे.

पण ६५० मध्ये काय काय धरलंय? नोटिशीत त्याचा एक शब्द नाही. माझी सगळी हरकत इथे आहे, आणि ती का, ते माझ्याच खिशाला बसलेल्या चाटीवरून सांगते.

गेल्या वर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक येणार म्हणून मी चार दारं बदलायला काढली. दोन बेडरूमची आणि दोन बाथरूम-संडासची. बेडरूमच्या चौकटी लाकडी, बाथरूमच्या ग्रॅनाइटच्या. दारं मीच आणून ठेवली होती, विचारायची होती फक्त मजुरी. तीन सुतारांना विचारलं. पहिला म्हणाला दारामागे ४५०. दुसरा ७५०. तिसरा १,१००. बँकेत ३१ वर्षं काढलेली बाई असूनही मी चारने गुणलं, १,८०० आणि ४,४०० हे आकडे बघितले आणि तिसऱ्याला चहा पाजून वाटेला लावलं. काम पहिल्याला दिलं.

पहिल्याचा हिशोब काम सुरू झाल्यावर उलगडत गेला. ४५० म्हणजे तीन बिजागऱ्या आणि एक कडी. जुनं दार उतरवायचे १०० वेगळे. बेडरूमच्या दाराला मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या कडेत खाच कोरून आत बसवायचं कुलूप, त्याचे प्रत्येकी २५०. ग्रॅनाइटला भोकं पाडायचे दारामागे २०० वेगळे, आणि दगड फुटला तर जबाबदारी माझी. तिसऱ्या मजल्यावर चढवायचे मजल्याला २० प्रमाणे ६०. म्हणजे १,८०० अधिक ४०० अधिक ५०० अधिक ४०० अधिक २४०. एकूण ३,३४०. दुसऱ्याचं कोटेशन मग पुन्हा काढून बघितलं, तर त्याने उतरवणं, चढवणं आणि स्टॉपर आधीच धरला होता. लॉकचे ३०० आणि ग्रॅनाइटचे १५० मिळवून त्याचे ३,९०० झाले असते. आणि तिसऱ्याच्या ४,४०० मध्ये हे सगळं होतंच, शिवाय दाराच्या सगळ्या कडांना प्रायमर आणि पावसाळ्यात एकदा येऊन रंदा मारून देणं, हेसुद्धा. तिघंही ‘एक दार’च म्हणत होते, पण प्रत्येकाच्या डोक्यातलं काम वेगळं होतं.

तरीही पहिलाच स्वस्त पडला, असं मी ह्यांना सांगत होते. जुलैत बेडरूमची दोन्ही दारं चौकटीत घट्ट बसली. एक तर खांदा लावल्याशिवाय उघडेना. पहिला सुतार फोन उचलेना. दुसऱ्या कोणालातरी बोलावलं, त्याने दारं उतरवून रंदा मारून परत लावायचे दारामागे ३०० घेतले. ३,३४० अधिक ६००, म्हणजे ३,९४०. दुसऱ्यापेक्षा ४० रुपये जास्तच, आणि कडेचा सनमायका उडाला तो निराळा.

यात त्या सुताराचा दोष किती आणि माझा किती, हे मला अजून ठरवता येत नाही. मे महिन्यात आपल्या धुळ्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत लाकूड पापडासारखं सुकलेलं असतं. त्याने तेव्हा बाजूला जेमतेम अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट ठेवली. दिसायला फार सुबक दिसत होतं, मीच वाहवा केली होती. आपल्याकडे पाऊस बेताचाच, पण हवेतला ओलावा लाकूड घेतंच, आणि फुगतं ते रुंदीत. फ्लश दार, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट प्लायचं दार, अख्ख्या सागवानी दाराइतकं फुगत नाही, तरी कडेच्या पट्ट्या फुगतात. आणि दाराची वरची नि खालची कड कोणी बघत नाही म्हणून तशीच कोरी सोडतात. ओलावा तिथूनच शिरतो. दार लटकवायच्या आधी या दोन कडांना प्रायमरचा हात मारायला दहा मिनिटं लागतात, लटकवल्यावर खालच्या कडेला ब्रश पोचत नाही. बाथरूमची माझी नवी दारं पीव्हीसीची, ती जागची हलली नाहीत.

तेव्हा कानबाईच्या, म्हणजे श्रावणातल्या आपल्या खानदेशी देवीच्या सणाच्या, आत सगळ्यांची दारं बसवून टाकू, हा जो आग्रह आहे तोही जरा बाजूला ठेवावा. घर रंगवून, सारवून कानबाई बसवायची आपली रीत मलाही प्यारी आहे. पण आषाढ-श्रावणात फुगलेलं दार मापात बसवलं तर होळीपर्यंत त्याच्या फटीतून पलीकडचा दिवा दिसेल. ज्यांचं दार अगदीच मोडलंय त्यांनी आता करावं. बाकीच्यांनी दसऱ्यानंतर केलं तर काही बिघडत नाही.

आता भाव सरसकट का नको, ते सांगते. त्या तिसऱ्या सुताराने, ज्याला मी चहावर बोळवलं, माप घेताना एक वाक्य म्हटलं होतं : “मावशी, भाव दारना नई ऱ्हास, चौकटना ऱ्हास.” म्हणजे भाव दाराचा नसतो, चौकटीचा असतो. तेव्हा मला ती भाव वाढवायची युक्ती वाटली. पण त्याने चौकटीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजून दाखवली. वर २ फूट ९ इंच, खाली त्याहून दोन सूत कमी. मग कोपऱ्यात गुण्या (काटकोन बघायची पट्टी) लावला, तर एका बाजूने फट. ओळंबा सोडला, तर बिजागरीची बाजू पुढे झुकलेली. अशा चौकटीत दार नुसतं लटकवलं तर ते आपोआप मिटतं किंवा आपोआप उघडतं, जिथे सोडाल तिथे थांबत नाही. त्याला दार चौकटीच्या आकाराने तासावं लागतं, आणि तेही बेताने. फ्लश दाराच्या कडेला भरीव लाकडाची पट्टी असते, तासता तासता ती संपली की बिजागरीच्या स्क्रूला धरायला काही उरत नाही. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं काढावं लागतं. सरळ चौकटीत दीड तासाचं काम, वाकड्या चौकटीत अर्धा दिवस. दोन्हीला ६५० दिले तर वाकड्या चौकटीवाल्याच्या घरी सुतार काय करणार? सरळ चौकटीसारखंच काम करून निघून जाणार.

माझ्या माहेरी जुन्या घराच्या दाराला बिजागरीच नव्हती. लाकडातच वर-खाली खुंट कोरलेले, आणि दार त्यावर फिरायचं. डांगचं सागवान, दोघांनी उचलायचं. ते कधी घासलं नाही. पण ते दार आणि ती चौकट एकाच सुताराने एकमेकांसाठी घडवलेली होती. आपल्याकडे चौकट बिल्डरची, दार दुकानातलं आणि हात तिसऱ्याचा.

हात ओळखायची माझी एक पद्धत सांगू का? सुतार स्क्रू कसा लावतो ते बघायचं. हातोड्याने ठोकून शेवटचे दोन वेढे पेचकसाने फिरवणारा असेल, तर त्याचं दार दोन वर्षांत खाली बसणार. आधी बारीक भोक पाडून पूर्ण स्क्रू पिळणाऱ्याला दारामागे शंभर जास्त द्यायला मी आता तयार आहे. समितीच्या सुताराला स्क्रू लावताना कोणी पाहिलंय का, हे विचारायचं होतं.

भावाबद्दल आणखी एक, आणि हे समितीच्याच हातातलं आहे. ७ फुटी दार आपल्या लिफ्टमध्ये उभं बसत नाही, तिरकं घातलं तर बसतं. पण आपल्या नियमाप्रमाणे सामान लिफ्टमधून न्यायचं नाही. मग प्रत्येक सुतार जिन्याने चढवायचे पैसे लावतो. माझ्याकडे ते २४० झाले, वर चौथ्या मजल्यावाल्यांचे आणखी जास्त. दुपारी दोन ते चार, जाड चादर गुंडाळून, लिफ्ट वापरू दिली तर हे पैसे आपोआप वाचतात. मजुरी ठरवण्यापेक्षा हे सोपं आहे.

बाहेरच्या सुताराला बंदी घालण्याबद्दल मात्र मी स्पष्ट लिहिते. उपविधीप्रमाणे घराच्या आतली दुरुस्ती सभासदाने स्वतःच्या खर्चाने करायची असते. कामाच्या वेळा, लिफ्ट, राडारोडा, कारागिराची गेटवर नोंद, हे समितीने ठरवावंच. कोणी भिंत फोडत असेल तर अडवावंच. पण जुन्या चौकटीत नवं दार मी कोणाच्या हातून बसवून घ्यायचं, हे माझ्यावर सोडावं. त्या सुताराबद्दल माझं काही वाकडं नाही, मी त्याला ओळखतही नाही. मात्र १२० दारांचं काम एकाला देताना किती जणांची कोटेशनं मागवली होती, हे नोटिशीबरोबर लावलं असतं तर ग्रुपवर जी कुजबुज झाली ती झाली नसती.

त्यामुळे विनंती अशी की ही नोटीस काढून त्या जागी एक साधा कागद लावावा. भाव सांगताना सुताराने काय काय धरलंय ते त्यावर त्याच्याकडून लिहून घ्यायचं : जुनं दार उतरवणं, बिजागऱ्या किती आणि किती इंची, लॉक मॉर्टिस की गोल, चौकट लाकडी की दगडी, कडांना प्रायमर, चढवणं, जुनं दार कोण नेणार, आणि पावसाळ्यात एकदा येऊन बघणार की नाही. खाली त्याची सही. समितीचा सुतारही हाच कागद भरेल आणि बाहेरचाही. मग ६५० स्वस्त की महाग, ते ज्याचं त्याला कळेल. माझी गेल्या वर्षीची तिन्ही कोटेशनं जपून ठेवली आहेत, रविवारी मीटिंगला घेऊन येते.

कळावे,
आपली,
सभासद, ब-३०२

ता. क. : गच्चीचं दार पावसाळा लागल्यापासून पूर्ण मिटत नाही, परवा रात्री वाऱ्याने आपटत होतं. ते सोसायटीचंच आहे. समितीच्या सुताराला ६५० मध्ये आधी तेवढं बसवून दाखवायला सांगा.