तारीख उलटल्यावर किती थांबायचे?

महोदय,

प्रसूतीची तारीख उलटली की घरोघरी दोन टोकांची बोलणी सुरू होतात. एक बाजू ‘कळा आपोआप येतील, घाई कशाला’ म्हणते, तर दुसरी ‘आजच सिझर करून टाका’ असा धोशा लावते. नाशिक जिल्ह्यात प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून नोकरी करताना मला दिसले, की या ओढाताणीच्या मुळाशी पुष्कळदा चुकीची धरलेली तारीख असते.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, हा हिशेब पाळी नियमित असेल आणि दिवस पक्का आठवत असेल तरच खरा ठरतो. (आपले ‘नऊ महिने नऊ दिवस’ त्याच्या किती जवळ जाते!) पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीत चूक साधारण आठवड्याभराच्या आत राहते; शेवटच्या महिन्यांत प्रथमच केलेल्या सोनोग्राफीत ती तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते. सुरगाणा-पेठकडून द्राक्षाच्या कामासाठी दिंडोरी-निफाडला आलेल्या बाईची ही सुरुवातीची तपासणी कित्येकदा राहूनच जाते, आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या शहरातल्या लेकीचा अहवाल सासरच्या कपाटात पडून असतो. मग ‘दिवस वर गेले’ हे ठरवायचे कशावरून?

तारीख पक्की असेल, तर मात्र ४१ आठवड्यांपुढे थांबणे मला पटत नाही. वार (बाळाला पोसणारी प्लॅसेंटा) थकू लागते, गर्भजल कमी होते, बाळ पोटातच शी करून ती श्वासावाटे छातीत जाण्याचा धोका वाढतो. बाळ पोटात दगावण्याची शक्यता एकूण थोडीच, पण ४२ आठवड्यांकडे जाताना ती वाढत जाते. ४१ आठवड्यांना कळा आणणे आणि ४२ पर्यंत वाट पाहणे यांची तुलना करणारी, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली स्वीडनमधील चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळे दगावली होती आणि दुसऱ्या गटात एकही नाही. जागतिक आरोग्य संघटनाही ४१ आठवडे नक्की पूर्ण झालेल्या स्त्रीला कळा आणण्याची शिफारस करते. त्याआधी, गुंतागुंत नसताना, करत नाही.

कळा आणण्यासाठी गोळी, जेल किंवा फुग्याची नळी यांतले काय वापरायचे, हे गर्भाशयाचे तोंड किती मऊ झाले आहे यावर, तसेच आधी सिझर झाले आहे का यावर ठरते. पहिल्या खेपेला दीड-दोन दिवसही लागतात. पाचव्या तासालाच सिझरचा हट्ट धरणाऱ्या नातेवाइकांनी हे ध्यानात घ्यावे. ‘पितृपक्ष संपू द्या’ म्हणून बाईला घरी थांबवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, तशीच मुहूर्तासाठी ३८व्या आठवड्यात बाळ बाहेर काढा म्हणणारीही.

आरोग्य विभागाला विनंती अशी, की पहिल्या सोनोग्राफीवरून ठरलेली तारीख माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्याच पानावर ठळक लिहावी आणि नंतरच्या सोनोग्राफीवरून ती कोणी बदलू नये. बाळाची हालचाल कमी वाटली, तर तारीख कोणतीही असो, त्याच घटकेला दवाखाना गाठावा, हेही तिथेच छापावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, नाशिक