निअँडरथलांना गारठ्याने मारले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिमयुग आले, गारठा वाढला आणि निअँडरथल ही युरोपातली प्राचीन मानवजात संपली, असे सोपे गणित विज्ञान पुरवण्यांत पुन्हा पुन्हा मांडले जाते. ते कालक्रमातच बसत नाही. सुमारे १,९०,००० ते १,३०,००० वर्षांपूर्वीचे लांबलचक हिमयुग या माणसांनी काढले. ७१ ते ५७ हजार वर्षांपूर्वीचा कडाकाही, उत्तरेकडचा मुलूख सोडून दक्षिणेला सरकत, निभावला. ते नामशेष झाले सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी, सरासरीने सौम्य पण अतिशय लहरी हवामानात. ग्रीनलँडच्या बर्फाच्या थरांत त्या काळातल्या उलथापालथी नोंदल्या आहेत: काही दशकांत तापमान ८ ते १६ अंशांनी चढते, मग सावकाश उतरते आणि एकदम कोसळते. युरोपात फरक याहून कमी असला, तरी गवताळ माळ आणि जंगल यांची अदलाबदल त्यातून होत राहिली.

शिकाऱ्याचे खरे हाल तिथे झाले. फ्रान्समधील कोंब ग्रेनाल गुहेत थंड काळच्या थरांत रेनडिअरची हाडे जास्त, उबदार काळच्या थरांत तांबड्या हरणांची. भाला तोच, पण धंदा निराळा. रेनडिअरचे कळप ठरावीक ऋतूत ठरावीक वाटेने जातात. खिंड किंवा नदीचा उतार धरून बसले की एका हंगामात पुष्कळ जनावरे हाती लागतात. तांबडे हरीण जंगलात पांगलेले असते. त्याचा माग काढून एकेक गाठावे लागते. जर्मनीत शोनिंगेनला सापडलेल्या लाकडी भाल्यांच्या प्रतिकृती भालाफेकपटूंना दिल्या, तेव्हा २० मीटरपर्यंत नेम लागला. उघड्या माळावर जनावराच्या इतके जवळ जायचे तर दबा धरायची जागा आधी ठाऊक हवी. कळपांची वाट बदलली की ही माहिती फुकट जाते, आणि नवी जमवायला काही हिवाळे लागतात.

दुसरी अडचण चरबीची, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिले जाते. नुसत्या बिनचरबीच्या मांसावर माणूस जगत नाही. उष्मांकांचा साधारण एक तृतीयांशाहून मोठा वाटा प्रथिनांतून येऊ लागला की यकृताला झेपत नाही. मळमळ, जुलाब, अशक्तपणा सुरू होतो. हिवाळा सरताना जनावरे वाळलेली असतात, म्हणून शरदातली शिकार महत्त्वाची: माजावर येण्याआधी रेनडिअरचे नर सर्वांत चरबीदार असतात. जर्मनीतील झाल्त्सगिटर-लेबनस्टेटची शिकार नेमकी याच ऋतूतली आहे. तिथे पूर्ण वाढलेल्या जनावरांच्या मज्जेने भरलेल्या नळ्या पद्धतशीर फोडलेल्या दिसतात. पिल्लांच्या हाडांकडे फारसे कोणी वळलेले नाही. (नळी चोखणाऱ्या वाचकांना ठाऊक असेल: कोवळ्या नळीत चरबी थोडी.) जर्मनीतल्याच नॉयमार्क-नॉर्ड इथे तर १,२५,००० वर्षांपूर्वीच्या उबदार काळात किमान १७२ मोठ्या जनावरांची हाडे बारीक फोडून, पाण्यात तापवून चरबी काढलेली आढळते.

म्हणजे उबदार काळही त्यांनी साधला होता. मात्र सगळीकडे नाही. त्याच उबदार काळातल्या, दक्षिण फ्रान्सच्या मूला-गेर्सी गुहेत सहा निअँडरथलांच्या हाडांवर मांस कापल्याच्या खुणा आहेत. जंगल वाढून मोठी जनावरे दुर्मीळ झाल्यामुळे ही पाळी आली, असे काही संशोधक मानतात. हा तर्क मला पटण्याजोगा वाटतो, पण सिद्ध झालेला नाही.

फटका बसलेल्या टोळीची जागा पूर्वी शेजारची टोळी भरून काढी. शेवटी शेजाऱ्यांशी संबंधच उरले नाहीत. फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातील मांद्रां गुहेत सापडलेला निअँडरथल ‘थोरिन’ याच्या डीएनएवरून त्याचे कूळ सुमारे ५०,००० वर्षे इतर निअँडरथलांपासून तुटलेले होते, असे २०२४ मध्ये समोर आले. त्यात आपले पूर्वजही त्याच कळपांच्या मागे युरोपात शिरले होते, हे विसरता येत नाही.

तेव्हा या विषयावर पुन्हा आलेख छापाल, तर सरासरी तापमानाची एक रेघ नको. ६०,००० ते ३९,००० वर्षांपूर्वीचा तुकडा मोठा करून, दातेरी चढउतार दिसतील असा छापावा.

आपला,
प्रागितिहासाचा एक अभ्यासक, पुणे